विश्लेषण : हौशी छायाचित्र ‘नोंद’ कधी ठरते? किल्ले, रानवाटा आणि अळंबीचे फोटो काढताना…

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीत जाणाऱ्यांच्या फोनमध्ये तीन प्रकारचे फोटो हमखास जमतात. धुक्यातला बुरूज, भाताची हिरवी खाचरे आणि कुजक्या ओंडक्यावर उगवलेली अळंबी. बहुतेक फोटो स्टेटसवर एक दिवस राहतात आणि विसरले जातात. त्यातले काही मात्र वास्तूंचे जतन करणाऱ्यांच्या आणि कवकांचा अभ्यास करणाऱ्यांच्या उपयोगी पडतात. या दोहोंतला फरक कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो. सुंदर दिसावे म्हणून आपण जे चौकटीबाहेर ठेवतो, नेमके तेच अनेकदा अभ्यासकाला हवे असते.

हा छंद आपल्याकडे कधीपासून?

कॅमेरा युरोपात अवतरल्यानंतर अवघ्या १५ वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी सांभाळून छायाचित्रे काढणाऱ्या तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. हाताने काढलेल्या चित्रांपेक्षा हे काम जलद, स्वस्त आणि अचूक होईल, असा त्यामागचा हिशेब होता.

छायाचित्राचे मोल सर्वात ठळकपणे दिसते ते मेजर रॉबर्ट गिल यांच्या कहाणीत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करण्यात या माणसाने आयुष्याची अनेक वर्षे घालवली. त्यातल्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत जळाल्या. गिल यांनी दरम्यान कॅमेराही हाती घेतला होता. पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांच्या शंभर जोडचित्रांचे त्यांचे पुस्तक आगीच्या दोन वर्षे आधी, १८६४ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. कॅनव्हास एकच होता, तो गेला. छायाचित्रांच्या प्रती मात्र आधीच अनेकांच्या हाती पोहोचल्या होत्या. एकाच पुस्तकात लेणी आणि निसर्ग एकत्र आणणारे गिल आजच्या रविवारच्या भटक्यांचे पूर्वजच म्हणायचे. त्यांची कबर भुसावळला आहे.

अळंबीचा फोटो वरून काढून का भागत नाही?

अळंबी म्हणजे संपूर्ण कवक नव्हे. कवकाचे खरे शरीर मातीत किंवा लाकडात पसरलेल्या तंतूंच्या जाळ्याचे असते. पावसात वर येते ते केवळ बीजाणू पसरवणारे फळ. त्यामुळे ओळखीच्या बहुतेक खुणा त्या फळाच्या खालच्या बाजूला असतात आणि आपण फोटो काढतो नेमका वरून.

छत्रीखाली पातळ पात्या आहेत की स्पंजासारखी बारीक छिद्रे, पात्या दांड्याला चिकटल्या आहेत की सुट्या आहेत, दांड्यावर कडे आहे का, बुंध्याशी पिशवीसारखे आवरण आहे का, हे सगळे दिसायला हवे. म्हणून किमान तीन फोटो लागतात. एक वरून, एक जमिनीच्या पातळीवरून आडवा आणि एक खालच्या बाजूचा. तिसऱ्यासाठी अळंबी उपटायची गरज नाही. छोटा आरसा किंवा सेल्फी कॅमेरा छत्रीखाली सरकवला की काम होते. शेजारी १० रुपयांचे नाणे ठेवले तर आकार कळतो, कारण त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. अळंबी लाकडावर आहे, मातीत आहे, शेणावर आहे की वारुळावर, हे दाखवणारा जरा लांबून घेतलेला चौथा फोटोही हवा.

वारुळावरचे उदाहरण महत्त्वाचे आहे. कोकणात आणि गोव्यात श्रावणाच्या आसपास जिची वाट पाहिली जाते ती अळंबी, गोव्याची अळमी, टर्मिटोमायसिस या प्रजातीतली असते. वाळवी वारुळाच्या पोटात हे कवक अक्षरशः पिकवते. अळंबीचा दांडा मुळासारखा खोल उतरत त्या ‘शेता’पर्यंत गेलेला असतो. ही खूण जमिनीच्या वर दिसतच नाही. छत्री उघडण्याआधीच कळ्या खुडल्या तर बीजाणू पडत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. गोव्यात या अळमीच्या बेसुमार खुडणीबद्दल वर्षानुवर्षे चिंता व्यक्त होते ती त्यामुळेच.

रंगाच्या बाबतीत फोनवर फार विसंबू नये. अनेक फोन हिरवळ आपोआप अधिक हिरवी आणि तपकिरी छटा अधिक उबदार करतात. आपल्याला फोटो ‘छान आला’ असे वाटते आणि ओळखीची खूण हरवते. दृश्य सुधारण्याची ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

फोटो पाहून ‘खाण्याजोगी’ ठरवता येते का?

नाही. येथे चूक जिवावर बेतते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला होता. ॲमानिटा कुळातील काही अळंबींतले विष शिजवून नष्ट होत नाही. त्याची लक्षणे साधारण ६ ते २४ तासांनी दिसतात. उलट्या-जुलाबांनंतर रुग्णाला काही काळ बरेही वाटू शकते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. या अळंबींची हमखास खूण म्हणजे बुंध्याची पिशवी. ती बहुधा मातीत किंवा पालापाचोळ्यात दडलेली असते. फोटोत ती नसेल, तर फोटोवरून ओळखणारे ॲप तिच्याविना अंदाज बांधते आणि तो अंदाज ठाम नावासह पडद्यावर दाखवते.

घराजवळचे उदाहरण घ्यायचे तर बागेतल्या हिरवळीवर पावसानंतर उगवणारी मोठी पांढरी छत्री पाहा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे तिचे नाव. ती विषारी आहे आणि खाल्ल्यास काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. कोवळेपणी तिच्या पात्या पांढऱ्याच असल्यामुळे ती खाण्याजोग्या अळंबीसारखी दिसते. भेद उघड करतो तो बीजाणूंचा ठसा. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घेऊन छत्री पात्यांची बाजू खाली करून त्यावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी कागदावर बीजाणूंची भुकटी पडलेली असते. या अळंबीचा ठसा हिरवट येतो. त्या ठशाचा फोटो छत्रीच्या दहा सुंदर फोटोंहून मोलाचा. अर्थात ठशाने प्रजात ओळखायला मदत होते, कढईत टाकायचा परवाना मिळत नाही.

रात्री चमकणारे जंगल खरेच तसे दिसते का?

भीमाशंकर आणि गोव्याच्या म्हादई परिसरातील चमकणाऱ्या कवकांचे फोटो दर पावसाळ्यात फिरतात. चमक खरी आहे. ल्युसिफेरिन या द्रव्याच्या रासायनिक क्रियेतून हिरवट प्रकाश निघतो. मात्र तो अतिशय मंद असतो. फोटोतला झगझगीत हिरवा रंग कॅमेऱ्याचे शटर तिपाईवर अनेक सेकंद, कधी कित्येक मिनिटे उघडे ठेवून मिळवलेला असतो. माणसाच्या डोळ्याला अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि तेवढ्यात कुणी एकाने टॉर्च लावला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

फोटोच्या भरवशावर आलेली गर्दी त्यामुळे बहुधा हिरमुसते. शिवाय अनेकदा अळंबी नव्हे, तर ओल्या काटक्यांत आणि पाल्यात शिरलेले तंतूंचे जाळे चमकत असते. म्हणजे ज्यावर उभे राहून आपण अंधारात चमक शोधत असतो, तेच पायाखाली तुडवले जात असते. असा फोटो टाकताना ‘इतक्या सेकंदांचे एक्स्पोजर’ एवढे लिहिले तरी बराच गैरसमज टळेल. दुर्दैवाने ती ओळ फार क्वचित दिसते.

किल्ल्याचा, मंदिराचा फोटो उपयोगी कसा होतो?

‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी असे १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रायगड किंवा शिवनेरीचे फोटो कमी नाहीत. कमी आहेत ते आडगावच्या देवळाबाहेर पडलेल्या वीरगळांचे, सतीशिळांचे आणि गधेगाळांचे. जीर्णोद्धारात त्यांना ऑइलपेंट लागतो, त्या पायरीत किंवा कठड्यात बसवल्या जातात. आधीचा फोटो नसेल, तर काय गेले हेसुद्धा सांगता येत नाही.

येथे तंत्र अगदी साधे आहे. दगडासमोर सरळ उभे राहून एक फोटो, चारही बाजू, शेजारी मोजपट्टी आणि मागे देऊळ दिसेल असा एक लांबचा फोटो. झिजलेला शिलालेख वाचता यावा म्हणून त्यावर खडू, पीठ किंवा हळद चोळण्याची जुनी खोड मोडायला हवी, त्याने दगडाची हानी होते. त्याऐवजी सोबतच्या मित्राला बाजूने तिरपा टॉर्च धरायला सांगावे. सावल्या पडतात आणि अक्षरे उठून दिसतात. एकाच जागेवरून दर वर्षी घेतलेला तटबंदीचा फोटो तर फारच मोलाचा. फुगलेली भिंत किंवा वाढलेली भेग त्यातच कळते. शिल्पाभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग येईल असे फोटो घेतले, तर संगणक त्यातून त्रिमितीय प्रतिकृती उभी करू शकतो. इराकमधील मोसुलच्या संग्रहालयातील शिल्पे २०१५ मध्ये फोडली गेली, तेव्हा पर्यटकांचे जुने फोटो जमवून अशाच प्रतिकृती करण्यात आल्या.

तटावरचे करडे-हिरवे डागही फोटोत राहू द्यावेत. ते दगडफूल किंवा त्याचे भाऊबंद असतात. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार. किल्ला आणि कवक एकाच फोटोत मिळतात ते असे. फोटो स्वच्छ यावा म्हणून ते खरवडू नये, कारण दगडाचा पापुद्राही सोबत निघतो.

परवानगी कुठे लागते?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ पासून आपल्या स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला मुभा दिली. अजिंठ्याची भित्तिचित्रे, ताजमहालातील मुख्य कबरीचा भाग आणि लेहचा राजवाडा हे त्याला अपवाद ठेवले गेले. तिपाई, वेगळे दिवे आणि ड्रोन यांसाठी मात्र परवानगी घ्यावी लागते. राजगड, साल्हेर यांसारखे किल्ले राज्य संरक्षित आहेत, तेथे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे विचारणा करावी.

अभयारण्यातील छायाचित्रण वन्यजीव संरक्षण कायद्यातील परवानगीच्या कलमाखाली येते आणि तेथून वनोपज उचलून नेण्यास मनाई आहे. कवकांना या कायद्याच्या संरक्षित प्रजातींच्या परिशिष्टांत स्थान नाही. जगात २२ ते ३८ लाख कवक प्रजाती असाव्यात असा अंदाज आहे आणि आजवर नावे मिळाली ती दीड लाखांच्या आसपास. नावच नाही त्याला संरक्षण कसे देणार, असा हा पेच आहे.

फोटो कुठे द्यावा, ठिकाण सांगावे का?

अळंबीसाठी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि वास्तूसाठी विकिमीडिया कॉमन्स हे सोपे पर्याय आहेत. कॉमन्सवर चढवलेला फोटो नाव देऊन कुणीही वापरू शकतो, व्यवसायासाठीसुद्धा. हे पटत असेल तरच तेथे जावे. आयनॅचरलिस्टवर तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीच्या ओळखीबद्दल दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, तर ती संशोधनायोग्य गणली जाते. अनेक कवके सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए तपासणीविना ओळखताच येत नाहीत, तेव्हा केवळ कुळापर्यंतच ओळख पटली तरी नाराज होऊ नये.

ठिकाणाचा प्रश्न नाजूक आहे. नोंदीला ते हवेच, पण अळमीचे वारूळ किंवा चमकणारा ओंडका नकाशावर टाकला की पुढच्या शनिवारी तेथे गाड्या लागतात. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर ठेवता येते. मग इतरांना नेमकी जागा न दिसता साधारण २० किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन दिसतो. कवकांच्या बाबतीत हा पर्याय बहुधा आपल्यालाच निवडावा लागतो. इन्स्टाग्रामवर तालुक्याचे नाव पुरेसे आहे.

एक व्यवहारी बाब राहिली. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेले असते, पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवताना ही माहिती गळून जाते आणि फोटोचा आकारही घटतो. अभ्यासकाला फोटो पाठवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि गावच्या ग्रुपवर टाकायचा असेल, तर नेहमीसारखाच टाकावा.