लहान जातीच्या कुत्र्यांच्या पिलांची निरोगी वाढ व विकास : एक विवेचन

सारांश :
पूर्ण वाढ झाल्यावर ज्यांचे वजन साधारण दहा किलोग्रॅमच्या आत राहते, अशा जातींची कुत्री शहरी व निमशहरी कुटुंबांत मोठ्या प्रमाणावर पाळली जातात. मात्र त्यांच्या पिलांचे संगोपन करताना 'मोठ्या कुत्र्याची छोटी आवृत्ती' एवढाच विचार केला जातो. प्रस्तुत लेखात या पिलांची शरीररचना, ऊर्जेची गरज, आहार, रोगप्रतिकार, अस्थी व दंतविकास आणि सामाजिक विकास या अंगांचे विवेचन केले आहे. लहान आकारामुळे या पिलांच्या गरजा केवळ प्रमाणाने कमी होत नाहीत, तर स्वरूपानेही बदलतात, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : लहान जाती, पिलांची वाढ, रक्तशर्करा, आहार, लसीकरण, सामाजिकीकरण

प्रस्तावना :
कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला सर्वांत जुना प्राणी होय. शेताची, कळपाची व घराची राखण करणारा हा प्राणी नागरीकरणाबरोबर सदनिकेत आला आणि जागेच्या मर्यादेमुळे लहान जातींना पसंती मिळू लागली. पॉमेरेनियन, पग, शिह त्झू, डॅशहाऊंड, चिवावा ही नावे आज मराठी कुटुंबांना अपरिचित नाहीत. परंतु घरात आणलेले पिलू पहिल्या काही आठवड्यांतच दगावते, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. त्यामागे प्रत्येक वेळी दुर्धर आजार असतोच असे नाही. अनेकदा चुकलेली जेवणाची वेळ, थंड फरशी, मातेपासून फार लवकर झालेली ताटातूट किंवा अपूर्ण लसीकरण एवढेच कारण असते. म्हणजेच हे मृत्यू बव्हंशी टाळता येण्याजोगे असतात. म्हणून या विषयाचा शास्त्रीय दृष्टीने विचार होणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :
१. लहान आकाराचा पिलांच्या चयापचयावर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
२. वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांतील गरजा व धोके यांचा परामर्श घेणे.
३. संगोपनाविषयीच्या प्रचलित समजुतींची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी पशुवैद्यक, पोषणशास्त्र व प्राणिवर्तनशास्त्र या विषयांतील उपलब्ध ज्ञानाचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन :

अ) आकार आणि ऊर्जा
कोणत्याही शरीराचा आकार जसजसा लहान होतो, तसतसे घनफळाच्या तुलनेत त्याच्या पृष्ठभागाचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे लहान शरीरातून उष्णता वेगाने बाहेर पडते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी 1883 मध्ये निरनिराळ्या आकारांच्या कुत्र्यांवरच या प्रश्नाचा अभ्यास केला होता. पुढे माक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये चयापचयाचा वेग शरीराच्या वजनाच्या तीन-चतुर्थांश घातांकाशी निगडित असल्याचे मांडले. पशुवैद्यकात आजही याच सूत्राने विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज काढतात : किलोग्रॅममधील वजनाचा 0.75 वा घात गुणिले 70 किलोकॅलरी.

या सूत्राने 30 किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यास विश्रांत अवस्थेत दररोज सुमारे 900 किलोकॅलरी, म्हणजे दर किलोग्रॅममागे सुमारे 30 किलोकॅलरी लागतात. एक किलोग्रॅम वजनाच्या पिलास मात्र तेवढ्याच वजनामागे 70 किलोकॅलरी लागतात. त्यात वाढीची गरज मिळविल्यास, चार महिन्यांच्या आतील पिलासाठी हा आकडा सर्वसाधारणपणे तिप्पट, म्हणजे सुमारे 210 किलोकॅलरी धरला जातो. गरज इतकी मोठी, परंतु जठर मात्र अगदी लहान, हा या पिलांच्या संगोपनातील मूळ पेच आहे.

या पेचाचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे रक्तातील साखर एकाएकी घसरणे. जेवणांच्या मधल्या काळात शरीर यकृतातील ग्लायकोजेनवर चालते. लहान पिलाचे यकृत व स्नायू यांतील हा साठा फार थोडा असतो, तर मेंदूची साखरेची मागणी अखंड चालू असते. त्यामुळे मोठ्या कुत्र्यास सहज सोसणारा काही तासांचा उपवास या पिलाच्या जिवावर बेतू शकतो. प्रवास, थंडी, जुलाब, जंत किंवा नव्या घराची भीती यांमुळे हा धोका वाढतो. पिलू मलूल होणे, पावले अडखळणे, अंग थरथरणे, नजर स्थिर न राहणे व अखेरीस झटके येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा, पिलास ऊब द्यावी आणि विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे. शुद्ध हरपलेल्या पिलाच्या तोंडात पाणी वा दूध ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

आ) जन्मापासून दूध तुटेपर्यंत
नवजात पिलाचे डोळे व कान बंद असतात. डोळे साधारणपणे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. पहिल्या आठवड्यात कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची क्षमताही नसते, त्यामुळे ते मातेच्या व भावंडांच्या उबेवर सर्वस्वी अवलंबून असते. गारठलेल्या पिलाचे पचन मंदावते. म्हणून त्यास प्रथम हळूहळू ऊब देऊन मगच दूध पाजणे योग्य ठरते.

कुत्र्यांमध्ये नाळेवाटे पिलाकडे जाणारी प्रतिपिंडे अत्यल्प असतात. मातेच्या चिकातूनच ती मोठ्या प्रमाणावर मिळतात आणि आतड्यातून ती शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर सुमारे एका दिवसात संपते. त्यामुळे पहिल्या काही तासांतील स्तनपानास पर्याय नाही. मातेचे दूध उपलब्ध नसल्यास गायीचे दूध पाजण्याची प्रथा आहे. परंतु कुत्रीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने गायीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक, तर दुग्धशर्करा त्याहून कमी असते. पातळ केलेल्या गायीच्या दुधावर पिलाची वाढ खुंटते, शिवाय जुलाबही होतात. पिलांसाठी तयार मिळणारी दूधभुकटी अधिक सुरक्षित होय.

या काळात रोज ठराविक वेळी वजन करणे हा निरोगीपणाचा सर्वांत विश्वसनीय निकष आहे. वजन एक दिवस स्थिरावले तरी लक्ष द्यावे आणि घटू लागले तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

इ) आहार व एक घातक समजूत
तीन ते चार आठवड्यांच्या सुमारास मऊ आहार सुरू करून सहा ते आठ आठवड्यांपर्यंत दूध तोडले जाते. त्यानंतर चौथ्या महिन्यापर्यंत दिवसातून किमान चार वेळा व सहाव्या महिन्यापर्यंत तीन वेळा आहार देणे हितावह ठरते. अतिशय लहान पिलांना रात्री उशिराचे एक जेवण आवश्यक असते.

आपल्याकडे दूध-पोळी किंवा भात-मटण हा रूढ आहार आहे. त्याने पोट भरते, पण वाढीसाठी लागणारी प्रथिने व खनिजे योग्य प्रमाणात मिळत नाहीत. केवळ मांसात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अत्यल्प असते. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण एकास एक ते दोनास एक या मर्यादेत असावे लागते. ते बिघडल्यास शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते व हाडे ठिसूळ होतात. याउलट, संतुलित आहार चालू असताना वरून कॅल्शियमची औषधे देणेही हानिकारक ठरू शकते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असून, वजन कमी असल्याने अल्प मात्राही धोकादायक ठरते.

कमी खाऊ घातले की पिलू कायम लहान व देखणे राहते, अशी एक समजूत आढळते. तिला शास्त्रीय आधार नाही. कुत्र्यांच्या आकारामागे अनुवंशिकता आहे. इन्सुलिनसदृश वृद्धिघटकाच्या जनुकातील भेद हा लहान आकाराचा एक प्रमुख निर्धारक असल्याचे 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. उपासमारीने जात बदलत नाही. केवळ हाडे, स्नायू व प्रतिकारशक्ती दुबळी होते. अर्थात स्थूलताही तितकीच अनिष्ट आहे. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच सहज जाणवाव्यात, ही योग्य शरीरस्थितीची सोपी खूण होय.

ई) अस्थी व दंतविकास
लहान जातींची वाढ लवकर उरकते. साधारण आठ ते बारा महिन्यांत त्या प्रौढ वजनास पोहोचतात. मोठ्या जातींना यासाठी दीड ते दोन वर्षेही लागतात. या अल्पावधीत झालेली पोषणाची हानी भरून काढण्यास फारसा वेळ उरत नाही.

त्यांच्या पुढच्या पायांची हाडे अतिशय नाजूक असतात. पलंगावरून वा मुलांच्या हातातून पडल्यास मनगटाजवळचे हाड मोडणे ही नित्य आढळणारी दुखापत आहे, आणि तेथील रक्तपुरवठा अपुरा असल्याने ते जुळण्यासही विलंब लागतो. गुडघ्याची वाटी सरकणे हा दोषही या जातींत अधिक दिसतो. चालताना मागचा एक पाय मध्येच उचलून उड्या मारण्याची सवय ही खोड नसून या दोषाचे लक्षण असू शकते. श्वासनलिका नाजूक असल्याने गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा वापरावा.

पिलास 28 दुधाचे दात असतात व त्यांची जागा तिसऱ्या ते सातव्या महिन्यादरम्यान 42 कायमचे दात घेतात. लहान जातींत दुधाचे सुळे न पडता नव्या सुळ्यांशेजारी तसेच राहतात. त्यामुळे दातांची ठेवण बिघडते व अन्नकण साचून हिरड्यांचे विकार जडतात. असे दात वेळीच काढून घेणे श्रेयस्कर.

उ) लसीकरण व सामाजिक विकास
मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे पिलाचे रक्षण करतात, परंतु तीच लसीचा परिणामही निष्प्रभ करतात. ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिलागणिक बदलते. म्हणूनच डिस्टेंपर व पार्वो यांवरील लस सहा ते आठ आठवड्यांपासून ठराविक अंतराने, किमान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत द्यावी लागते. 'एक इंजेक्शन झाले आहे' हे विक्रेत्याचे आश्वासन म्हणूनच पुरेसे नसते. रेबीजची लस साधारणपणे तिसऱ्या महिन्यात दिली जाते. गोलकृमी गर्भावस्थेतच मातेकडून पिलात येत असल्याने दुसऱ्या आठवड्यापासून जंतनाशक देणे इष्ट असते. मानवी आरोग्याच्या, विशेषतः बालकांच्या, दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे.

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ पिलाच्या सामाजिक जडणघडणीस निर्णायक असल्याचे प्रतिपादन केले. भावंडांशी खेळताना दुसऱ्यास न दुखविता चावण्याचे भान पिलू याच काळात शिकते. भारतात 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनी आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलांच्या विक्रीस मनाई केली आहे. या तरतुदीमागे पोषणाइतकाच हा वर्तनशास्त्रीय विचारही महत्त्वाचा ठरतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिलास रस्त्यावर सोडू नये हे खरे. परंतु त्यास कडेवर घेऊन माणसे, वाहने व आवाज यांचा परिचय करून देता येतो. कायम कुशीत जपलेली लहान कुत्री पुढे भित्री व चावरी होतात, तेव्हा दोष जातीला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा संगोपनाचा असतो.

निष्कर्ष :
१. लहान पिलांची वजनाच्या प्रमाणातील ऊर्जेची गरज मोठ्या कुत्र्यांहून कितीतरी अधिक असल्याने थोडा, पण वारंवार व संतुलित आहार अनिवार्य आहे.
२. रक्तशर्करा घसरण्याची लक्षणे पालकास ठाऊक असल्यास अनेक पिलांचे प्राण वाचू शकतात.
३. आठ आठवड्यांपूर्वी मातेपासून केलेली ताटातूट शारीरिक व मानसिक अशा दोन्ही दृष्टींनी हानिकारक आहे.
४. लसीकरण व सामाजिकीकरण ही परस्परविरोधी नसून एकाच वेळी साधावयाची उद्दिष्टे आहेत.
५. उपाशी ठेवून आकार लहान राखण्याची समजूत अशास्त्रीय व क्रूर आहे.

समारोप :
पिलू लहान असले की त्याची जबाबदारीही लहान, असा समज सहज होतो. वरील विवेचनावरून याच्या उलट स्थिती दिसून येते. ज्या शरीरात साठवण कमी, त्यास काळजी अधिक लागते. पिलू घरी आणण्यापूर्वी दिवसातून चार वेळा त्यास खाऊ घालण्यास घरात कोणी आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारला, तरी या विषयाच्या अभ्यासाचे सार्थक होईल.