रिमोट आपल्या हाती, डोके कुणाच्या?

२०१९ साली छोट्या पडद्यावर अनेक मालिका चालल्या. त्यांतली एक मला सर्वांत आवडली, एक सर्वांत नावडली. आमच्या माळेगाव बुद्रुकला (ता. बारामती) मात्र एकाच घरात दोन्ही आवडीने पाहिल्या गेल्या. म्हणून हा लेखप्रपंच.

आवडली ती स्टार प्रवाहवरील 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा'. १८ मे २०१९ रोजी ती सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब, शिवानी रांगोळे यांनी माता रमाई साकारली. ज्यांना बाबासाहेब फक्त जयंतीच्या मिरवणुकीपुरते ठाऊक, त्यांच्याही घरात शाळेत तहानलेला भिवा पोहोचला. हे मोठे काम झाले.

नावडली ती झी मराठीवरील 'तुला पाहते रे'. सुबोध भावे यांचा अभिनय उत्तम. पण मालमत्तेसाठी मारलेली राजनंदिनी ईशा होऊन पुन्हा जन्मते आणि सूड घेते! करमणूक आहे, सोडून द्या, असे कुणी म्हणेल. कसे सोडायचे? 'तुझी जात हे तुझ्या मागल्या जन्मीच्या पापाचे फळ' असे सांगूनच आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. म्हणूनच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचे देहांतर नाकारले.

वाहिन्या प्रेक्षक मोजतात. त्या मोजणीत आपणही आहोत. घरात तथागतांची प्रतिमा आणि टीव्हीवर पुनर्जन्म, हे एका भिंतीवर शोभत नाही. बंधू-भगिनींनो, रिमोट उचलताना एवढे आठवा. जयभीम!