पोलाद बाजाराच्या शेजारी ध्रुवप्रकाश

कळंबोलीच्या पोलाद बाजारातून कांबी आणि पत्र्यांची भेंडोळी लादलेले ट्रेलर जेथून अहोरात्र महामार्गाला लागतात, तेथून जवळच, नवीन पनवेलच्या हद्दीत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्य ठाणे असावे, याची मला मोठी मौज वाटते. कारण या संस्थेची पूर्वज जी कुलाब्याची वेधशाळा, तिला मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊन चुंबकीय नोंदी बिघडविणार या एकाच सबबीवर 1904 साली आपली चुंबकीय निरीक्षणे अलिबागेस हलवावी लागली होती. कळंबोलीच्या लोखंडाचा मात्र येथील प्लाझ्मा-अभ्यासकांना, म्हणजे विद्युत्भारित कणांच्या वायूचा अभ्यास करणाऱ्यांना, काडीचा उपसर्ग नाही, कारण त्यांचा मुलूख ध्रुवांच्या माथ्यावर, काही हजार किलोमीटर उंच पसरला असून तेथला दाखला उपग्रहांकरवी आकड्यांच्या रूपाने त्यांच्या मेजावर येतो.

ध्रुवप्रकाशाचा हिरवा पडदा झळाळतो तो साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर. त्याचा कारभार चालतो तो त्याहून फार वर. तेथे चुंबकीय बलरेषांच्या दिशेने हजारो व्होल्टांचा विभवभेद उभा राहिला, की ऋणभारित इलेक्ट्रॉन खाली कोसळून प्राणवायूचे अणू उजळवितात आणि धनभारित आयन त्याच विभवाने वर भिरकावले जातात. 1976 साली सोडलेल्या अमेरिकेच्या एस3-3 उपग्रहाने हे ऊर्ध्वगामी झोत टिपले, आणि त्यांत हायड्रोजनबरोबर आपल्याच वातावरणातील प्राणवायूचे आयन निघाले. चुंबकावरणातील सारा माल सूर्याकडूनच येतो, या समजुतीला त्याने चांगलाच तडा गेला.

झोत म्हटला की लाटा आल्याच. एस3-3 ने आणि 1986 मध्ये स्वीडनच्या वायकिंग उपग्रहाने विद्युत्क्षेत्राचे असे एकेकटे स्पंद नोंदविले, की जे क्षणार्धात एका दिशेला उसळून लगेच उलट दिशेला जात आणि शांत होत. अशा एकाकी तरंगांचे गणित संस्थेतील गुरुबक्ष लखिना, सत्यवीर सिंग आदींनी वर्षानुवर्षे मांडले. थंड इलेक्ट्रॉन, उष्ण इलेक्ट्रॉन, आयन, झोत, प्रत्येकाला स्वतंत्र प्रवाही मानायचे आणि सारी समीकरणे रशियन भौतिकीविद सागदेव यांच्या युक्तीने एका विभवात गोळा करायची. वाटीच्या काठावर अलगद टेकविलेली गोटी घरंगळून समोरच्या भिंतीवर चढावी आणि परतून मूळच्या काठाशीच विसावावी, तशी त्या गणिताची उकल असते. गोटीची ही एकच फेरी म्हणजे एक स्पंद.

अडचण निराळीच निघाली. या समीकरणांतून प्रथम निघत ते ऋण विभवाचे तरंग, तर पुढे फास्ट आणि पोलर या उपग्रहांनी पाठविलेल्या नोंदी धन विभवाच्या. शेजारच्या पोलाद बाजारातील वजनकाट्यावर टनाखाली कोणी बोलत नसेल; येथे घोटाळा होता तो प्रोटॉनच्या सुमारे 1836 व्या हिश्शाएवढ्या वस्तुमानाचा. उष्ण इलेक्ट्रॉनांचे जडत्व क्षुल्लक म्हणून गाळले जात होते. बेल्जियमच्या फ्रँक व्हेरहेस्ट प्रभृतींनी 2005 साली ते हिशेबात धरताच धन विभवाचे तरंगही समीकरणांतून निघू लागले, आणि पुढे व्हेरहेस्ट यांच्याच साथीने येथील मंडळींनी तो धागा झोतांपर्यंत नेला.