न विकायचा माल

मागच्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट हाती आला तेव्हा मी जुन्या सवयीने रकाने वाचू लागलो. डावीकडे अँटिबायोटिक्सची नावे, उजवीकडे एकेक अक्षर : आर, आर, पुन्हा आर. आर म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जंतूला जुमानत नाही म्हणण्यापेक्षा जंतूच त्याला जुमानत नाही. तळाशी दोनच एस, म्हणजे लागू पडणारी. बत्तीस वर्षे कर्जखाती तपासली, पण एका पानावर इतकी बुडीत खाती पाहिली नव्हती.

"नवे औषध नाही का एखादे?" मी विचारले.

"काका, औषधं निघतात. काढणारे बुडतात," डॉक्टर म्हणाले.

निवृत्त बँकरला हे झोंबणारच. शोधले तेव्हा अकेओजेन या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची कथा सापडली. जून २०१८ मध्ये तिच्या प्लाझोमायसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही मूत्रमार्गाच्या चिवट संसर्गासाठीच. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध अत्यावश्यक यादीत घातले! पुढे त्याचे बहुतेक हक्क सिप्लाच्या अमेरिकी शाखेने घेतले.

कारण साधे आहे. नवे अँटिबायोटिक जितके कमी वापरावे तितके जास्त टिकते, म्हणून शहाणा डॉक्टर ते कपाटात ठेवतो. त्याचे बरोबरच आहे. पण कंपनीने पगार कशातून द्यायचे? 'माल उत्तम आहे, मात्र तो खपू नये अशी सर्वांची इच्छा आहे' असा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो चहा संपायच्या आत परत पाठवला असता.

२०२० साली वीसहून अधिक औषध कंपन्यांनी मिळून सुमारे १०० कोटी डॉलरचा निधी उभारला. २०३० पर्यंत दोन ते चार नवी अँटिबायोटिक्स रुग्णांपर्यंत पोचवायची, हा उद्देश. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपीय गुंतवणूक बँकही या कामात सोबत होत्या. वर्गणीदारांपैकी काहींनी स्वतःचे या क्षेत्रातले संशोधन आधीच गुंडाळले होते. गाव सोडलेल्याने गावच्या देवळाला वर्गणी धाडावी, तसे. तरी वर्गणी ती वर्गणी. मी नाक मुरडणार नाही.

पण भांडवल म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. ते कोडे इंग्लंडने थोडे सोडवले. २०२२ पासून तिथली सरकारी आरोग्यसेवा दोन अँटिबायोटिक्ससाठी वर्षाला ठरावीक रक्कम देऊ लागली, प्रत्येकी कमाल एक कोटी पौंड. वापर कितीही होवो. आपला बँकेचा लॉकरच! उघडा न उघडा, भाडे द्यायचे. त्यातले एक औषध जपानच्या शिओनोगी कंपनीचे. त्याच वर्षी तिने ते १३५ देशांत पोचवण्यासाठी जिनिव्हाच्या एका ना-नफा संस्थेला परवानाही दिला.

आपल्याकडे औषधाचे पैसे बहुधा आजाऱ्याच्याच खिशातून जातात. न उघडलेल्या लॉकरचे भाडे इथे कोण भरणार? मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी नुसते हात वर केले.

त्या दोन एसपैकी एकाने दादांना तारले. घरी आल्यावर वहिनींनी त्यांचा खण आवरला. अर्ध्यावर सोडलेली अँटिबायोटिकची पाकिटे निघाली, तीन वेगवेगळी.