मुका रेडिओ आणि कारणाचा शोध

‘कारण कशाला म्हणायचे’ हा आपला विषय चालू आहे. आज तो आपण एका जुन्या यंत्रावर लावून बघू. साखरशेतच्या मागच्या बैठकीत एका श्रोत्याने विचारले होते, वडिलांची फियाट 1100 अजून चालते, पण तिच्यातला मूळ रेडिओ मुका झालाय. गॅरेजवाला म्हणतो, काढून टाका, ब्लूटूथवाला बसवू. काय करावे? आता हे तत्त्वज्ञानाच्या माणसाला कशाला विचारायचे, असे तुम्ही म्हणाल. पण दोष शोधणे म्हणजे अनुमानच करणे. आणि इथे चुकीचे अनुमान महाग पडते. कुर्ल्याला या गाड्या बनत त्या काळातले रेडिओ आता कुणी बनवत नाही. एकदा भंगारात गेला की गेला.

सुरुवात अगदी मुळापासून करू. आवाज येत नाही, म्हणून रेडिओ बिघडला, हे बरोबर आहे का? भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण त्याला एक अट आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असे म्हणता येत नाही. हे जुने संच बहुधा मिडियम वेव्हचे. त्यांवर एफएम लागणारच नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची बरीच मिडियम वेव्ह प्रक्षेपणे बंद झाली आहेत. तेव्हा आधी खिशातला ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर लावून गाडीशेजारी, उघड्यावर धरा. तोही गप्प असेल तर गाडीच्या रेडिओला दोष देऊ नका. अंधार पडल्यावर पुन्हा बघा, कारण रात्री या लहरी आकाशातून परावर्तित होऊन लांबून येतात.

ट्रान्झिस्टर बोलतो, गाडीचा बोलत नाही. मग पुढचा प्रश्न : तो पूर्ण मुका आहे, की खरखरतोय? हे दोन वेगळे आजार आहेत.

पूर्ण मुका असेल तर वीज पोचते का ते बघा. बारा व्होल्टचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. एक गाडीच्या उघड्या धातूला, दुसरी फ्यूजच्या आधी. मग तीच फ्यूजच्या नंतर. आधी पेटतो, नंतर नाही, तर फ्यूज गेला. नवा टाकताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. तार गुंडाळून काम भागवू नका, आत आग लागेल. फ्यूज ठीक असेल तर अर्थ बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात संचाची पट्टी जिथे गाडीच्या अंगाला कसलेली असते तिथे गंज चढतो. पॉलिश पेपरने घासा. मग स्पीकर : त्याच ओहमचा दुसरा, चालणारा स्पीकर जोडून बघा. स्पीकर न जोडता संच चालू करू नये. संच बाहेर काढून बॅटरीवर लावणार असाल तर त्याच्यावरचे लेबल आधी वाचा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत अधिक टोक अंगाला जोडलेले असे. उलट जोडला तर ट्रान्झिस्टर जळतात.

खरखर येते पण केंद्र नाही, तर संशय एरियलवर. आतली तार दांडीशी जोडलेली हवी आणि गाडीच्या अंगाशी मुळीच नको. बहुतेक संचांवर एरियलसाठी एक छोटा स्क्रू असतो. 1400 किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावून, तो आवाज सर्वांत मोठा येईल तिथे ठेवायचा.

आता अन्वय-व्यतिरेक. एक असेल तर दुसरे असते, हा अन्वय. एक नसेल तर दुसरेही नसते, हा व्यतिरेक. इंजिन चालू केले की खरखर येते, बंद केले की जाते. म्हणजे कारण इंजिनाकडचे. वेगाबरोबर टिक-टिक वाढते तर इग्निशन, शीळ वाढते तर डायनामो. आता एरियलचा प्लग काढा. आवाज गेला तर तो एरियलवाटे येत होता. राहिला तर बहुधा विजेच्या तारेतून. एका प्लगने अर्धे रान साफ होते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि रेडिओ गायला लागला, तर गाणे मिळाले, कारण नाही मिळाले.

आणि ती थाप! डॅशबोर्डवर थाप मारली की रेडिओ सुरू होतो, हे सगळ्यांना ठाऊक. विश्वनाथाच्या ‘कारिकावली’त अन्यथासिद्धाचे उदाहरण गाढवाचे आहे. कुंभाराची माती गाढवाने वाहिली असेल, पण ते घड्याचे कारण नव्हे. थाप म्हणजे तेच गाढव. पण या गाढवाच्या मागून चाललात तर कुठेतरी सैल झालेला सांधा सापडेल.

प्रश्न : एवढे करूनही नाही लागला तर?

उत्तर : तर दोष पेटीच्या आत आहे. बहुतेकदा सुकलेले कंडेन्सर असतात. तिथे आपण थांबायचे, जाणकाराकडे द्यायचा. व्हॉल्व्हचा संच असेल तर नक्कीच, कारण त्यात सुमारे दोनशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतात. कारागिराला सांगा, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत द्या. नवा संच हवाच असेल तर डॅशबोर्डखाली वेगळा बसवा, पण डॅशबोर्ड कापू नका. आम्ही नियम एवढाच सांगू : जे मागे फिरवता येते ते आधी करा, जे फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. वडिलांचा रेडिओ मुका राहिला तरी चालेल, जागेवर असू द्या. दुरुस्त करणारा उद्याही भेटू शकतो.