लावणीच्या मंचाबाहेरचा सोंगाड्या

नीरेच्या काठी वसलेल्या अकलूजची ख्याती पूर्वी मुख्यतः साखरेची. माळीनगर, श्रीपूर, यशवंतनगर ही आसपासची नावे उच्चारली की उसाच्या गाड्या आणि कारखान्याची चिमणीच डोळ्यांपुढे यावयाची. परंतु सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ, जयसिंह मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने, १९९३ पासून येथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरू लागली. ज्या कलेचे नाव प्रतिष्ठित घरांतून दबक्या आवाजात घेतले जाई, त्या कलेला परीक्षक, पारितोषिके आणि सभ्य प्रेक्षकवर्ग यांचा लाभ झाला. मोडनिंबसारख्या ठिकाणच्या संगीतबारीत ज्यांचे आयुष्य गेले, त्या कलावतींना मिळालेला हा मान थोर होता, यात संशय नाही.

तथापि तमाशा म्हणजे केवळ लावणी नव्हे. लावणीला तोलून धरणारा जो विनोद, तो या प्रतिष्ठेच्या मंडपात शिरला नाही. तो जत्रेतल्या कनातीतच राहिला. त्याचे कारणही उघड आहे. पदन्यास, अदा, गायन यांना गुण देता येतात. पण सोंगाड्याच्या एका विरामावर दोन हजार माणसे का हसली, याचे गुणपत्रक कोणत्या परीक्षकाने आणि कसे भरावे?

फडाचा क्रम जाणकारांना ठाऊकच आहे. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी संपली की गण, मग गवळण, नंतर बतावणी आणि शेवटी रात्र उतरणीला लागेपर्यंत वग. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींच्या पुढे मावशी असते. मिशा काढलेला, लुगडे नेसलेला हा पुरुष रस्ता अडवणाऱ्या कृष्णाच्या देवपणाची अशी काही झडती घेतो की फौजदारानेही त्याच्याकडून उलटतपासणीचे धडे घ्यावेत. भक्ती आणि टवाळी एकाच श्वासात नांदू शकतात हे पंडितांना समजावून सांगावे लागते. जत्रेतल्या म्हातारीला ते उपजतच कळते.

बतावणीला कथानक नसते. सरदार विचारतो आणि सोंगाड्या उत्तर चुकवतो, एवढाच तिचा ऐवज. मासला म्हणून घोड्यांच्या बाजारासाठी ख्यात असलेल्या अकलूजचाच विषय घेऊ. सरदार म्हणतो, “का आला होतास रं अकलूजला?” “घोडा घ्यायला.” “मग घेतलास?” “दर ऐकला आन् खालीच बसलो.” “बरं, मग?” “मग घोड्यानं माझा दर इचारला.” “सांगितलास?” “सांगितला.” “काय म्हणाला?” इथे सोंगाड्या काहीच बोलत नाही, सरदाराकडे पाहतो, प्रेक्षकांकडे पाहतो, उपरणे सारखे करतो आणि घोड्यासारखा फुरफुरतो. कागदावर हा मजकूर चार ओळींचाही नाही. परंतु मुरलेला सोंगाड्या त्यावर अर्धा तास काढील, आणि पुढच्या मुक्कामी घोड्याच्या जागी तिथला पाणीपुरवठा किंवा तिथली सोसायटी येईल. गावात शिरताच चहाच्या टपरीवर बसून सरपंचाचे नाव, रस्त्याचे खड्डे आणि थकलेली कर्जे यांची माहिती काढणे, हा त्याच्या तालमीचाच भाग असतो.

सरकारदरबारी अशा विनोदाची नेहमीच पंचाईत झाली. स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण परवाना राहिला. करमणुकीच्या प्रयोगांसंबंधीच्या १९६० च्या नियमावलीच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा खास उल्लेख आहे. संहिता तपासावयास परिनिरीक्षण मंडळ आहे. जी बतावणी गावागणिक बदलते, तिची संहिता दाखल कशी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही कचेरीच्या दप्तरात सापडणार नाही.

मंचाबाहेरच्या कलेचे नशीब दुसरीकडे कसे उजळले तेही पाहावे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला १९४७ साली मोठा कलामहोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ मंडळ्यांनी तेथे जाऊन आपले खेळ केले. मूळ उत्सवाच्या काठावर असा सुरू झालेल्या त्या महोत्सवाचा विस्तार आज मूळ उत्सवाहून मोठा आहे आणि त्यात विनोदी प्रयोगांचाच भरणा अधिक असतो. आमच्याकडे काठावरचा विनोद काठावरच राहिला. मुख्य प्रवाहाने त्यातून हवे तेवढे उचलले मात्र निःसंकोच. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले, दादा कोंडके त्यातून घरोघरी पोहोचले आणि पांढरपेशा प्रेक्षक तिकीट काढून बतावणीला हसू लागला. ‘गाढवाचं लग्न’ गाजवणारे दादू इंदुरीकर यांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू काळू-बाळू या नावाने असे गाजले की दोन हवालदारांची ती जोडी आठवताच जुन्या प्रेक्षकांना आजही हसू फुटते. ही नावे सन्मानाची खरी. पण प्रत्येक फडात असाच एखादा अनाम गुणी माणूस असतो, आणि त्याचे शिक्षण कोणत्याही विद्यालयात होत नाही.

दसऱ्याला फड बाहेर पडतात. नारायणगावात राहुट्या उभ्या राहतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात, इसार देतात, आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांत फडाला उसंत म्हणून मिळत नाही. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी हजेरी होते. तिच्यात वगाचे ओझे नसते. गाणी आणि चेष्टामस्करी, बस्स. माझ्या मते सोंगाड्याची खरी परीक्षा तेथेच होते, कारण कनात नाही, अंधार नाही, समोरचा माणूस जागरणाने पेंगुळलेला असतो आणि त्याचे अर्धे लक्ष कुस्त्यांच्या फडाकडे लागलेले असते.

अकलूजने लावणीला मंच दिला, तसा तेथेच बतावणीलाही एक दिवस द्यावा. गुणपत्रक नको, पारितोषिकही नसले तरी चालेल. तो दिवस उगवेपर्यंत वाचकाने एवढे करावे की जवळच्या जत्रेत फड आला असेल तर लावणी संपताच उठून न जाता बतावणीपर्यंत थांबावे, आणि शक्यतो पुढेच, सतरंजीवर बसावे.