टेंभुर्णीला जलशुद्धीकरण केंद्र बांधायचं तर

टेंभुर्णी म्हटलं की अनेकांना आठवते ती सोलापूरकडची, उजनीजवळची. ही टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. अशा वाढत्या गावासाठी पाण्याचं केंद्र आखायचं झालं, तर बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती लाख लिटरचं?" खरं तर आधी विचारायला हवं की मे महिन्यात पाणी कुठून येणार.

जालना शहराने हे भोगलं आहे. निजामकाळातला घाणेवाडी तलाव शहराला उताराने पाणी द्यायचा. शहर वाढलं, तलावात गाळ साचला आणि 2012-13च्या दुष्काळात पैठणच्या जायकवाडी धरणाकडे धाव घ्यावी लागली. जायकवाडी भरणं बरंचसं वरच्या नाशिक-नगरच्या पावसावर. म्हणून हिशेब सरासरी पावसावर नव्हे, कोरड्या सालावर करायचा. उघड्या तलावातून वर्षाला दीड मीटरहून जास्त पाणी नुसतं उन्हाने उडतं, तेही खर्चात धरायचं.

आता आकडे. समजा, पंधरा वर्षांनी लोकसंख्या 20,000 होईल. पंधराच का, तर शुद्धीकरणाची यंत्रणा साधारण तेवढ्या मुदतीची धरतात, जलवाहिनी मात्र तीस वर्षांची. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने रोज 11 लाख लिटर लागतील. गळती 15 टक्के धरली की 13 लाखांच्या आसपास. शहरी 135 लिटरचा निकष लावला तर हाच आकडा 32 लाखांवर जातो. गाव उद्या नगरपंचायत होईल की नाही, यावर केंद्राचा आकार असा अडीच पटीने हलतो. माझं मत, यंत्रणा आजच्या ग्रामीण निकषाने बांधावी, पण शेजारी दुसऱ्या टप्प्याची जागा मोकळी ठेवावी. अर्धी क्षमता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिचं वीजबिल आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या गळ्यात.

आता केंद्रात काय घडतं ते पाहू. जॅकवेलमधून, म्हणजे स्रोताचं पाणी उपसायच्या विहिरीतून, आलेलं गढूळ पाणी आधी पायऱ्यांवरून पडतं, हवा मिसळते. मग तुरटी. किती घालायची हे रोज ठरवावं लागतं, कारण पावसाळ्यातलं पाणी आणि उन्हाळ्यातलं शेवाळलेलं पाणी एक नसतं. त्यासाठी जार टेस्ट: सहा काचपात्रांत एकेक लिटर कच्चं पाणी, आणि एक टक्का तुरटीचं द्रावण एकात 1 मिली, पुढच्यात 2, असं वाढवत. एक मिली म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं सावकाश. मातीचे कण एकमेकांना धरून कापसासारखे पुंजके होतात, ते अर्ध्या तासात खाली बसतात. सर्वांत कमी तुरटीत ज्या पात्राचं पाणी नितळ झालं, तोच त्या दिवसाचा डोस. 20 मिलिग्रॅम आला तर 13 लाख लिटरला 26 किलो. ही परीक्षा टाळून "नेहमीची दोन पोती" टाकणारी केंद्रं कमी नाहीत.

पुढे दोन-अडीच तास निवळणं आणि मग वाळूचा थर, साठ-सत्तर सेंटिमीटरचा. तो उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो. ते धुवणाचं पाणी, दोन-तीन टक्के का होईना, नाल्यात सोडू नये. निवळून परत सुरुवातीला घ्यावं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. विहीर-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट, खारटपणा यातलं काहीही तुरटी-वाळूने जात नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. स्रोत तिच्या वर गेला तर आरओ लागेल, आणि आरओ आलेल्या पाण्यातलं बरंच पाणी फेकून देतो. तेव्हा स्रोताची तपासणी निविदेआधी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशी दोनदा व्हायला हवी.

शेवटी जंतू मारायला टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबात रोज सव्वातीन किलो. पावडर जुनी झाली की तिचा जोर उतरतो, मग जास्त. पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजायचं मात्र टाकीवर नाही. गावचं पाणी सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाने गावाच्या टोकाच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकावेत. पिवळा रंग आला आणि तो लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खुणेशी जुळला, तर क्लोरीन तिथवर पोचलं. रंगच आला नाही, तर आधी पावडर आणि डोस तपासावा, मग वाटेतल्या गळक्या वाहिनीचा माग काढावा.